पिल्लांची अदलाबदल

"परत फिरा," दारातच कोणीतरी म्हणालं. "अत्तर लावून आत येता येणार नाही."

बाहेर सकाळपासून पाऊस पिरपिरत होता, नोकरीचा पहिलाच दिवस, आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीपाशी हा उंच माणूस माझ्याकडे बघून नाक मुरडत होता!

"उंदरांना चालत नाही?"

"उंदरांना तर नाहीच... आणि मलाही जरा — लक्ष लागत नाही कामात."

मी गाल फुगवून मान धुवायला गेले. आरशात बघते तर हसत होते.

सरांच्या प्रयोगातलं आमचं काम तसं उदासच. काही गाभण उंदरिणींना रोज तासभर तंबाखूच्या धुरात ठेवायचं, काहींना साध्या हवेत, आणि पिल्लं किती खुरटतात ते बघायचं. धुराचं यंत्र तो चालवायचा, पिल्लांची वजनं मी घ्यायची. कोणता पिंजरा धुरातला, हे मला कळता कामा नये. नाहीतर काटा बघण्याआधीच मन निकाल देऊन मोकळं होतं. म्हणून आम्ही कामाचं सोडून सगळं बोलायचो.

"आई म्हणते, मी उंदरांशीच लग्न करणार."

"नशीबवान आहेत लेकाचे," तो पाण्याच्या बाटल्या भरता भरता म्हणाला. माझ्याकडे न बघता.

चौथ्या महिन्यात सोळा नंबरच्या पिंजऱ्यात दोन पिल्लं फारच किडकिडीत निघाली. साडेचार ग्रॅम. त्यांना धड दूधही ओढता येईना. मला रडू आवरेना. त्याने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी तीच पिल्लं आठ ग्रॅमची!

एका रात्रीत कोणतंही पिल्लू एवढं वाढत नाही.

"तुम्ही बदललीत?"

"शेजारच्या पिंजऱ्यातली आई धडधाकट आहे. तिला भरपूर दूध..." तो अडखळला. "तुम्ही रडत होतात. मला बघवेना."

माझ्यासाठी एवढं कोणी कधी केलं नव्हतं. आणि माझ्या कामाची एवढी माती कोणी केली नव्हती. त्याला मारावं की मिठी मारावी, कळेना.

"मी सरांना सांगितलंच नाही तर?"

"तर धुरातल्या सोळा नंबरची पिल्लं गुटगुटीत म्हणून छापून येईल. उद्या एखादी पोटुशी बाई वाचेल आणि म्हणेल, धुराने काही होत नाही." त्याने ॲप्रन काढला. "चला. मीच सांगतो."

सर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. चार महिन्यांचं काम रद्द झालं आणि त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. घडलं ते मीच अहवालात लिहिलं. त्याने खाली सही केली, पेन माझ्या हातात दिलं आणि पावसातच निघून गेला.

तिसऱ्या दिवशी ती दोन किडकिडीत पिल्लं गेलीच. मी त्याला फोन केला.

तो म्हणाला, "नव्या आईने जवळ घेतलं होतं का त्यांना?"

"हो. कुशीतच होती."

"मग... बरं झालं."

"येता का?" मी विचारलं.

"आता नोकरी नाही माझ्याकडे."

"ते नाही विचारलं मी."