मुंग्यांनी नाकारलेले लाडू

ती गोष्ट २०२२ सालची. त्या वर्षी दिवाळी लवकर आली आणि लवकर गेलीही. भाऊबीज होऊन पाच दिवस झाले होते, शाळा उघडायला अजून आठवडा होता. रहाटणीच्या चैत्रबन सोसायटीत मात्र घरोघरी डब्यांच्या तळाशी तोच प्रश्न पडून होता: मऊ पडलेल्या चकल्या, तुटक्या करंज्या आणि कोणी हात न लावलेले रव्याचे लाडू.

"फेकायचं काहीही नाही!" मिनल तळमजल्यावरच्या खोलीत कंबरेवर हात ठेवून उभी होती. "सगळ्याची भुतं करायची!"

"भुतं?" तिचा सहा वर्षांचा भाऊ नागसेन डोळे विस्फारून म्हणाला. "खायची भुतं?"

"खायचीच! आज सोमवार, एकतीस ऑक्टोबर. हॅलोविन! परदेशातली मुलं आज भुतांचा खाऊ खातात. संध्याकाळच्या कार्यक्रमात आपण भुतांचा फराळ ठेवू, कालच ठरलंय."

बारा वर्षांच्या मिनलने एकदा ठरवलं की ठरवलं. तिची मैत्रीण उझ्मा आणि वरच्या मजल्यावरचा सिद्धेश यांना हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून दोघं वाद न घालता कामाला लागले. चकलीला शेवेचे आठ पाय लावले की झाला कोळी. करंजी मधोमध कापून दोन्ही तुकडे मनुकेला चिकटवले की वटवाघूळ. अर्ध्या केळ्यावर दोन काळ्या मनुका, की पांढरं भूत तयार! सफरचंदाच्या फोडीत शंकरपाळी खोचली तर असा काही जबडा व्हायचा, की नागसेन स्वतःच बनवून स्वतःच किंचाळत होता.

पण हा नुसता खेळ नव्हता. ही खोली पणाला लागली होती. दोन सुट्ट्या राबून मुलांनी इथे वाचनालय उभं केलं होतं. दोनशेबारा पुस्तकं, एक कॅरम आणि सिद्धेशच्या हस्ताक्षरातली नियमांची पाटी. सोसायटीचे चेअरमन ज्योतीरामकाका यांना मात्र तिथे जुन्या खुर्च्या आणि रंगाचे डबे ठेवायचे होते. शेवटी त्यांनी बजावलं होतं, "सोमवारचा कार्यक्रम बिनतक्रार पार पडला तर खोली तुमची. एक जरी तक्रार आली, तर मंगळवारी इथे भंगार येईल!"

तरी काका अगदीच वाईट नव्हते. लाडवांचे भोपळे करायचे म्हणून मुलांना नारिंगी रंग हवा होता, तेव्हा त्यांनी आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर स्वतः मागणी टाकली होती. आणि आज सकाळी काजूकतलीचा एक खोका घेऊन ते हजर झाले. आत मैद्यासारखी बारीक, झगझगीत नारिंगी पूड!

"घ्या! रंगीत पिठीसाखर. विलासरावांनी पाठवली." विलासराव म्हणजे सिद्धेशचे बाबा. ते चाकणला कंपनीत होते आणि सकाळी सहालाच पहिल्या शिफ्टला निघून गेले होते. "वाटीभर ठेवा. उरलेली घरी नेतो. काकू संध्याकाळी बुंदी पाडणार आहे."

लाडू पाण्याच्या हाताने ओलसर करून त्या पुडीत घोळवले. वर देठ म्हणून एकेक लवंग. चाळीस भोपळे! पाहुणे येईपर्यंत कोणी चाखायचं नाही, हा मिनलचाच नियम होता.

दुपारी जेवून मुलं परत आली, तर उझ्मा दारातच ओरडली, "या अल्लाह! मुंग्या!"

खिडकीतून मुंग्यांची रांग आत आली होती. करंज्यांवर मुंग्या, शंकरपाळ्यांवर मुंग्या, केळ्याच्या भुताच्या डोळ्यांतसुद्धा मुंग्या! सिद्धेश झाडायला धावला. मिनल मात्र जागच्या जागी थांबली.

"थांब सिद्ध्या. लाडवांकडे बघ."

लाडवांच्या ताटावर एकही मुंगी नव्हती. रांग ताटाच्या कडेपर्यंत येत होती आणि वळसा घालून पुढे जात होती.

"मुंग्यांना भोपळा आवडत नसेल," नागसेन म्हणाला.

"आत रवा, तूप, साखर आहे. तरी एक मुंगी नाही?" मिनलने कपाळाला आठ्या घातल्या.

उझ्माने आपले हात उलटसुलट करून पाहिले. "अगं, आणखी एक. अम्मी जर्द्याचा गोड भात करते ना, तेव्हा माझी बोटं दोन दिवस केशरी राहतात. आज चाळीस लाडू घोळवले, आणि हात धुतल्यावर बोटं कोरी!"

मिनलने पेल्यात पाणी घेतलं आणि वाटीतली चमचाभर पूड त्यात टाकली. ढवळली. पुन्हा ढवळली. पूड पाण्यावर सायीसारखी पसरून तरंगत राहिली. खालचं पाणी तसंच, नितळ!

"ही साखर नाही," मिनल हळूच म्हणाली.

तिघं पेला घेऊन काकांकडे धावली. काका नुकतेच वामकुक्षीला आडवे झाले होते.

"मुंग्या खात नाहीत म्हणून?" ते उठून बसले. "अगं, मुंग्या काय अन्न-निरीक्षक आहेत का? मी स्वतः दिलेली वस्तू! मी काय पोरांना विष घालीन?"

"तसं नाही काका, पण हे पाणी बघा ना..."

"बघितलं! सगळं तयार झालं आणि आता यांना शंका! तुमचा काही भरवसा नाही, ऐन वेळी ताटं फेकून द्याल." काका तरातरा खाली आले, त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "पाच वाजता मी उघडेन. तोवर कोणी फिरकायचं नाही!"

झालं! ताट आत, मुलं बाहेर.

"सिद्ध्या, बाबांना फोन लाव!"

"लागणार नाही. कंपनीत फोन गेटवर जमा करतात. साडेतीनला शिफ्ट सुटते, मग बस. वाटेत ट्रॅफिक. बाबा येईपर्यंत पाच वाजतील."

"मग खोका काकांकडे आला कसा, ते तरी शोधू," मिनल म्हणाली आणि थेट फाटकाकडे निघाली.

फाटकावर वॉचमन सयाजीमामा बसले होते. ही सोसायटी व्हायच्या आधी इथे हरभऱ्याचं रान होतं आणि लहानपणी मामा त्या रानात ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजून खायचे. सोसायटीतल्या सगळ्यांना ते नावाने ओळखत.

"व्हय, म्याच दिला खोका," मामा म्हणाले. "इलाससायेब पहाटं बसच्या गडबडीत व्हते. म्हनले, चेअरमनास्नी द्या. आनि काय तरी म्हनले बगा... फाटकाचं."

"फाटकाचं? काय, मामा? आठवा ना!"

"बसचा हॉर्न वाजत व्हता, पोरी. न्हाई ऐकू आलं. मला वाटलं दिवाळीची मिठाई हाय. खोका मिठाईचा, तवा मिठाईच आसनार की!"

सिद्धेशने कपाळावर हात मारला. "आमच्या घरात मिठाईचा खोका कधी फेकत नाहीत! खिळे, बटणं, लाइटची बिलं, सगळं काजूकतलीच्या खोक्यात. आणि मिनल, बाबा कंपनीत रंगकामाच्या विभागात आहेत!"

उझ्माचे डोळे चमकले. "चला अब्बांकडे! वाटीतली थोडी पूड मी मघाशी डबीत भरून घेतली होती."

उझ्माचे अब्बा, इब्राहिमचाचा, यांचं दुचाकीचं गॅरेज मागच्याच गल्लीत होतं. त्यांनी चिमूटभर पूड बोटांत चोळली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"कोणी खाल्लं तर नाही ना?"

"नाही, चाचा."

"शुक्र है! मागे सरका सगळे. नाकावर रुमाल धरा." चाचांनी एक जुना चमचा पकडीत धरला, त्यावर पूड भुरभुरवली आणि गरम हवेचं यंत्र खालून लावलं. साखर असती तर काळी पडली असती, जळका वास सुटला असता. ही पूड मात्र वितळली, चकाकली, आणि गार झाल्यावर चमच्यावर गुळगुळीत, टणक, नारिंगी रंग बसला. नखाने खरवडला, निघेना!

"पावडर कोटिंग," चाचा म्हणाले. "गाड्यांच्या चाकांना, लोखंडी जाळ्यांना लावतात हा रंग. भट्टीत वितळून पत्र्याला चिकटतो. पोटात जायची चीज नाही ही, बेटा! चला, मी बोलतो चेअरमनशी."

"चाचा, तुम्ही याच," मिनल म्हणाली. "पण आधी ताट हातात यायला हवं. काका रागात आहेत. आता वाद घातला तर किल्ली खिशातून काढणारच नाहीत. आधी ताट, मग तोंड!"

घरी जाऊन उझ्माने संत्र्याच्या सरबताची पूड आणली, मिनलच्या आईने डब्यातले उरलेले सव्वीस लाडू दिले. चिमूटभर पूड पाण्यात टाकली, तर पाणी लगेच नारिंगी झालं आणि जिभेवर आंबटगोड लागलं! या वेळी मिनलने चाखायचा नियम स्वतःच मोडला. दहा मिनिटांत नवे भोपळे तयार झाले.

साडेचारला सिद्धेश एकटाच काकांसमोर गेला. मोबाइल हातात, चेहरा साळसूद.

"काका, तुमचा एक फोटो हवा होता ग्रुपवर टाकायला. 'चेअरमनसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली.' पण खोलीत उजेड कमी आहे हो! लाडवांचं ताट घेऊन बागेत उभे राहिलात तर..."

काकांनी केसांवरून हात फिरवला. "मार्गदर्शनाखाली... हं. चल!"

कुलूप उघडलं! काका ताट घेऊन बागेत उभे राहिले.

"थोडं उजवीकडे, काका. हनुवटी वर. ताटामुळे शर्ट झाकला जातोय. उझ्मा, जरा ताट धर गं!"

उझ्माने ताट धरलं आणि बाकामागे बसलेल्या मिनलकडे सरकवलं. नवं ताट काकांच्या हातात आलं, तेव्हा ते अजून हनुवटी वर करूनच उभे होते.

बाकामागे मिनल लाडू मोजत होती. छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस...

तिने पुन्हा मोजले. एक लाडू कमी!

"नागसेन!" ती धावत सुटली. नागसेन घसरगुंडीखाली बसला होता, मूठ गच्च मिटलेली. "लाडू घेतलास? खाल्लास?"

नागसेनने मूठ उघडली. लाडवाला मनुकांचे दोन डोळे लावलेले होते.

"याला कोण खाईल? सकाळीच उचललाय मी. याचं नाव भोपळोबा आहे!"

मिनल त्याच्याशेजारी बसली. हसावं की रडावं, तिला कळेना. बदल्यात दोन केळ्यांची भुतं कबूल केली, तेव्हा कुठे भोपळोबा तिच्या ताब्यात आला.

"सुटलो!" सिद्धेश धापा टाकत आला. "ताट बदललं, कोणाला पत्ता नाही. आता गप्प बसू. कार्यक्रम होईल, खोली आपलीच!"

"आणि काकूंची बुंदी?" मिनलने विचारलं.

सिद्धेशची नजर काकांच्या घराकडे गेली.

"अख्खा खोका त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, सिद्ध्या. सांगायला हवं. आत्ताच, सगळ्यांसमोर. खोली गेली तर गेली."

हे बोलताना तिला दोनशेबारा पुस्तकं डोळ्यांसमोर दिसत होती. तरी ती उठली.

पाच वाजले होते. मुखवटे घातलेली चाळीस मुलं आणि त्यांचे आईबाबा जमले होते. काका म्हणाले, "तर मंडळी, हा लाडू खाऊन मी उद्घाटन..."

"थांबा काका!" मिनल पुढे आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात नारिंगी चमचा. "तुमच्या हातातला लाडू चांगला आहे, तो आम्ही बदललाय. पहिले लाडू त्या बाकामागे आहेत. त्यांना लोखंडाचा रंग लागलाय. तुमच्या घरच्या खोक्यातही तोच आहे. काकूंना आधी फोन करा!"

कुजबुज सुरू झाली. काकांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे फोटो... तुम्ही मला फसवलंत? खोली विसरा! उद्याच..."

"भाईसाहब, एक मिनिट," इब्राहिमचाचा पुढे झाले. "चमचा हातात घ्या. ही साखर खरवडून दाखवा."

काकांनी नखाने खरवडलं. मग किल्लीने खरवडलं. चमचा तसाच चकाकत राहिला.

तेवढ्यात फाटकाशी कंपनीची बस थांबली. विलासराव डबा खांद्याला अडकवून उतरले आणि गर्दी बघून खुशीत ओरडले, "काय ज्योतीराम भाऊ! फाटकाला ही रंगाची शेड पसंत पडली का राव? नमुना पाठवला होता सकाळी!"

सगळे काकांकडे वळले! मग काकांनी लाडू खाली ठेवला, चप्पलही न घालता ते जिन्याकडे पळाले आणि त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत घुमला, "अगं ए! बुंदी थांबव! कढई उतरव!"

काकू नुकतीच पीठ भिजवायला बसली होती. खोका उघडला होता, चमचा आत होता. एवढंच.

परत आले तेव्हा काका धापा टाकत होते. ते मिनलसमोर उभे राहिले. "मी ऐकून घ्यायला हवं होतं, पोरी. दहा दिवसांपूर्वी शेड मीच मागितली होती, आणि साफ विसरलो. तक्रार आज आली खरी. पण ती माझी, माझ्याविरुद्ध!" मग त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. "खोली तुमची."

"आणि मी खोक्यावर चार अक्षरं लिहायला हवी होती," विलासराव मान खाली घालून म्हणाले.

"लिवाय पायजे व्हतं, आनि मी इचाराय पायजे व्हतं," सयाजीमामा म्हणाले. "ह्या पोरींनी डोळं उघडं ठेवलं म्हनून बरं!"

मिनलच्या आईने तिचा हात घट्ट धरला. मग मुंग्या झाडून झाल्यावर भुतांच्या फराळावर जी झुंबड उडाली, ती पंधरा मिनिटांत ताटं चाटूनपुसून साफ!

आता त्या गोष्टीला काही वर्षं झाली. सयाजीमामा निवृत्त होऊन मावळात राहायला गेले. हरभऱ्याच्या दिवसांत मुलांसाठी हुळा पाठवायला विसरत नाहीत. विलासरावांच्या घरी आता रिकाम्या खोक्यावरसुद्धा 'रिकामा' अशी चिठ्ठी असते. ज्योतीरामकाका चेअरमन राहिले नाहीत, पण महिन्याला एक पुस्तक वाचनालयाला देतात. कुठलीही रंगीत मिठाई आधी पाण्यात बुडवून बघतात, त्यावरून काकू त्यांना अजून चिडवते. सिद्धेश डिप्लोमाला गेला. उझ्मा सुट्टीत अब्बांच्या गॅरेजमध्ये बसते आणि गिऱ्हाइकांना चाकांचे रंग सांगते. मिनलला रसायनशास्त्र शिकायचंय. वाचनालयाची किल्ली अजून तिच्याकडेच असते आणि तो नारिंगी चमचा नियमांच्या पाटीखाली खिळ्याला टांगलेला आहे.

फाटकाला पुढे तीच शेड लागली. सगळे त्याला लाडवाचं फाटक म्हणतात. मुंग्या अजूनही त्याला वळसा घालून जातात, असं नागसेन छातीठोकपणे सांगतो. खरंखोटं त्याला आणि मुंग्यांनाच ठाऊक!