झाडलेली वाट

ऑफिसात तिला सगळे वाटवाली म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळे राग धरायची सोय नव्हती. शेतांमधून, बांधांवरून, ओढ्याकाठून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा तपासायच्या, हे तिचं काम. कोणती वाट लोक अजून वापरतात आणि कोणती नुसती नकाशावर उरली आहे, ते तिने सांगायचं. वापर नसेल तर वाट बंद. लोकांच्या सांगण्यावर तिचा काडीचा विश्वास नसे. ज्यांना वाट हवी असते ते म्हणतात, इथे दिवसभर वर्दळ असते. ज्यांना नको असते ते म्हणतात, कुत्रंही फिरकत नाही. म्हणून ती कुणाला विचारायच्या फंदातच पडत नसे. वाटेवर चाळलेली बारीक वाळू पसरायची, फळीने सपाट करायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं. वाळू कुणाची बाजू घेत नाही, असं ती म्हणायची.

पानगळ सुरू व्हायच्या सुमाराला साहेबांनी तिला उरलेल्या रानाकडे पाठवलं. हे नाव आसपासच्या लोकांनीच पाडलेलं. चहूकडची जमीन नांगराखाली गेली आणि मधे एवढा तुकडा राहिला, म्हणून उरलेलं रान. कुणी लावलेलं नव्हे. आपसूक उगवलेली, एकमेकांत घुसलेली जुनी झाडं, खाली नेचे, दगडांवर शेवाळ. पण जीव केवढासा, तर मध्यावर उभं राहिलं की दोन्हीकडे झाडांच्या फटींतून शेताचा उजेड दिसायचा. यात हरवायचं म्हटलं तरी मेहनत घ्यावी लागली असती. रानातल्या पायवाटेचा वापर नाही असं ठरलं, की तो तुकडा शेतमालकाला मिळणार होता आणि तो यंत्र आणून सगळं सपाट करणार होता. माणूस काही वाईट नव्हता. पायवाटेवर उभा राहून त्याने तिला सरळ विचारलं.

"वापरतंय कोण, मॅडम? एक म्हातारी सोडून?"

म्हातारी रानाच्या कडेलाच राहायची. पायवाट तिच्या फाटकाशी संपायची, आणि ज्याच्या दारात वाट संपते त्याचं चालणं वापर म्हणून धरायचं नाही, असा नियम होता.

वाटवाली शेताच्या बाजूने रानात शिरली तेव्हा काटेरी जाळ्यांनी तिचे हात ओरबाडले. मध्यावर एक मोठं झाड वाटेवर आडवं पडलेलं होतं. ते ओलांडून ती पलीकडे उतरली आणि जागच्या जागी थांबली. तिथपासून थेट फाटकापर्यंत वाट अंगणासारखी झाडलेली होती. एक पान नाही, एक काडी नाही. मातीवर झाडूच्या बारीक रेघा तेवढ्या दिसत होत्या.

"आजी, रानातली वाट कुणी झाडतं का हो?" तिने फाटकाशी जाऊन विचारलं.

"मग ह्यांना सापडायला नको?" म्हातारी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

हे म्हणजे तिचे यजमान. जन्मभर पोस्टमन. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा पोस्टाने दिलेले नव्हेत, स्वतःच्या पसंतीचे बूट घेतले. दोन दिवस ते बूट घालून घरातल्या घरात फिरत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, "जरा पायात बसवून येतो," असं म्हणून रानात गेले, ते आलेच नाहीत. पोलिसांनी, गावाने, कुत्र्यांनी सगळं रान पालथं घातलं. बूटही सापडला नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

"लोकांची घरं शोधून देण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःचं घर सापडू नये?" म्हातारीने कप पुढे केला. "वाट पानांनी झाकून गेली, की माणसाने काय बघून यायचं? म्हणून उठल्या उठल्या आधी वाट झाडते. त्या आडव्या झाडापर्यंत. पुढे मला चढता येत नाही. आता ते लोक वाटच मोडणार म्हणे. मग हे कुठून येतील ग?"

माणूस येणार नाही हे वाटवालीला दिसत होतं, आणि ते या बाईला सांगण्याची तिची छाती नव्हती. "वापर दिसला तर वाट राहील, आजी," एवढंच ती म्हणाली. वापर दिसणार नाही, याचीही तिला खात्री होती.

त्या दुपारी तिने आडव्या झाडाच्या दोन्ही अंगांना वाळू पसरली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते, तर घराकडच्या बाजूची सगळी वाळू गायब.

"घाण पडली होती ग," म्हातारी म्हणाली. "काढून टाकली."

वाटवालीला हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. तिने पुन्हा वाळू पसरली आणि पुढच्या दिवशी म्हातारीच्या आधी पोचायचं, म्हणून पहाटेच घर सोडलं.

वाळूवर पावलं उमटली होती.

आडव्या झाडाच्या घराकडच्या अंगाला ती सुरू होत होती आणि घराच्या दिशेने येत होती. झाडाच्या शेताकडच्या अंगाची वाळू जशीच्या तशी होती, जाळ्यांचं एक पानही मोडलेलं नव्हतं. पावलं पुरुषाची, थकलेली. उजवा पाय ओढत टाकलेला. बुटाचा तळ इतका झिजलेला, की मधल्या भोकातून तळपायाची कातडी वाळूला टेकलेली स्पष्ट दिसत होती. अर्ध्या वाटेवर पावलं संपत होती. वळली नव्हती, बाजूला गेली नव्हती. शेवटचं पाऊल खोल होतं, सगळा भार त्यावर टाकून कुणी पुढचा पाय उचलावा तसं. पुढे वाळू कोरी.

ती फोटो काढत होती तेवढ्यात फाटकाकडून झाडूचा आवाज आला. खर्र, खर्र. म्हातारी वाकून झाडत आली, "सरक ग जरा," म्हणाली, आणि वाटवालीने थांबवायच्या आत पावलं वाळूसकट झाडली गेली.

वाटवालीने तिला फोटो दाखवला. म्हातारीने फोन हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. मग तिचा चेहरा उतरला.

"हे नव्हेत ते. ह्यांचे बूट कोरे करकरीत होते. चालले की वाजायचे."

कुणीतरी भटक्या असणार, असं वाटवालीने स्वतःला समजावलं. समजून तिला बरंही वाटलं. भटक्या अर्ध्या वाटेवरून कुठे गेला, हा प्रश्न मात्र तिने गाडी चालवताना पुन्हा पुन्हा मनातून ढकलून दिला.

नव्याने पसरलेल्या वाळूवर दुसऱ्या पहाटे पुन्हा तीच पावलं. पुन्हा आडव्या झाडापासून सुरू. पुन्हा अर्ध्यावर, त्याच जागी संपलेली. त्याच्या पुढच्या पहाटेही तसंच. इतकं चालून माणूस रोज पहिल्यापासून का सुरुवात करतो, ते तिला कळेना.

ती शेवटच्या पावलाशी उभी होती. रानात वारा नव्हता. ओल्या लोकरीचा वास येत होता, पावसात भिजून आलेल्या माणसाच्या कोटाला येतो तसा. फाटकाशी झाडू वाजायला लागला.

आणि तिच्या अगदी शेजारी कुणीतरी सुस्कारा टाकला.

त्यात राग नव्हता. दमलेल्या माणसाने ओझं खाली ठेवावं आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाहायचं आहे हे त्याच्या ध्यानात यावं, तसा तो होता. झाडू जवळ येत गेला. म्हातारीने शेवटचं पाऊल झाडलं, मग त्याच्या मागचं, मग त्याच्या मागचं, असं करत ती आडव्या झाडापर्यंत पोचली. पोचताच झाडापाशी एक नेचा हलला आणि स्थिर झाला.

काय घडतं आहे ते वाटवालीला कळलं होतं. कसं घडतं आहे ते तिला आयुष्यात कधी कळणार नव्हतं. म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी होती, स्वच्छ वाटेकडे समाधानाने बघत. हिने एकदाही खाडा केला नसणार. आजारपणातही उठली असणार. आणि हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"आजी," वाटवाली म्हणाली, "ऑफिसचा नियम आहे. तपासणी संपेपर्यंत वाट झाडायची नाही."

"अग, पानं पडतील. ते येणार कसे?"

"पानं मी उचलेन. हाताने. तुम्ही झाडू द्या माझ्याकडे."

म्हातारीने झाडू दिला, पण लगेच सोडला नाही. दोघींचे हात त्यावर थोडा वेळ तसेच राहिले. मग वाटवालीने तो नेऊन गाडीत टाकला, आणि आडव्या झाडापासून थेट फाटकापर्यंत नवी वाळू पसरली.

पुढच्या पहाटे पावलं अर्ध्यावर थांबली होती.

त्याच्या पुढच्या पहाटे ती तिथूनच पुढे निघालेली होती.

ती उकिडवी बसून एकेक पान वेचायची, पावलांना धक्का लागू न देता. लोकरीचा वास रोज घराच्या आणखी जवळ यायचा. तिला भीती वाटायची, खूप वाटायची. पण काम अर्धवट टाकून जाववत नव्हतं.

मग एका सकाळी फाटक उघडं दिसलं.

पावलं फाटकातून आत गेली होती. घराचं दार लोटलेलं होतं. तिने हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलेत," ती कुजबुजली. "हळू बोल. खूप चाललेत ग."

आतल्या खोलीचं दार बंद होतं. दारापलीकडे खाट करकरली. कुणीतरी कूस बदलली.

म्हातारीचे डोळे रडून सुजले होते, पण चेहरा शांत होता.

"झाडू का नेलास ते मला खरं सांग."

"ऑफिसचा नियम, आजी."

म्हातारीने मान हलवली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "आता तो इकडे आणू नकोस. आणि जाताना पायरीवर ते बूट आहेत, त्यांचं माप घेऊन ठेव. नवे आणायला हवेत."

वाटवाली बाहेर आली. वाट वापरात आहे, एवढं ती आता शपथेवर सांगू शकत होती.

बूट पायरीवर शेजारी शेजारी ठेवलेले होते. वरचं चामडं अजून नव्यासारखं होतं, नाड्यांची टोकंही झिजलेली नव्हती. तिने त्यातला एक जवळ ओढला आणि माप घ्यायला आत हात घातला.

बुटाला तळच नव्हता. हात आरपार गेला आणि बोटं पायरीच्या गार दगडाला टेकली. मनगटाभोवतीचं चामडं मात्र अजून गरम होतं.