अडीच तासांचं अंतर

ताई विमानाची तिकिटं विकायची. कुठल्याही दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ झोपेतून उठवून विचारा, सांगायची. डोक्यावरचा चष्मा मात्र घरभर शोधायची. त्या दुपारी ती ऑफिसातून लवकर निघाली, ती धाकट्या बहिणीला सँडल घ्यायला. छोटी नवऱ्याच्या घरातून पळून आली होती, तीही अनवाणी.

दुकानात छोटीनं एक पाय सँडलमध्ये घातला, आणि फाडकन आवाज झाला. ती मागच्या रॅकवर आदळली. गालावर पाच बोटं उमटली, ओठातून रक्त ठिबकायला लागलं. जवळपास कुणीच नव्हतं.

"त्यानं मारलं..." छोटी पुटपुटली.

"अगं वेडाबाई, सतराशे किलोमीटर लांब आहे तो!"

"सकाळी फोन होता त्याचा. म्हणाला, तुझ्या उशीला एक ठेवून दिलीय. पोचली की कळव..."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. आधी त्याचं हसणं, मग धप्प. ताईनं घड्याळ बघितलं, दारं लावली, छोटीला कोपऱ्यात बसवलं आणि स्वतः इस्त्री उगारून उभी राहिली. कुणाला हाणणार होती, देव जाणे. बरोबर अडीच तासांनी छोटीच्या बरगडीतून कड् असा आवाज आला. ती तोंडानं रक्त ओकत जमिनीवर लोळली.

अडीच तास. विमानाला लागतात तेवढेच. गिऱ्हाइकांना ताई हसत सांगायची, "एवढंसं तर अंतर आहे हो!"

तिसऱ्या दिवशी फोन आला तो तिकडच्या शेजारणीचा. "ताई, त्यानं कुऱ्हाडीनं तिच्या गादीचे दोन तुकडे केले हो... अगदी ती झोपायची तिथंच. आणि मग गॅलरीतून उडी टाकली. गेला."

"कधी?"

"अर्धा तास झाला असेल..."

आता हातापाया तरी कुणाच्या पडायचं? मारणारा मेला होता, आणि कुऱ्हाड निघाली होती.

मार विमानाच्या वेगानं येत असेल, तर पुढं उडणाऱ्या विमानाला तो गाठणार कसा? अख्ख्या आयुष्यात ताईचं डोकं एवढं कधी चाललं नव्हतं. तिनं दोन तासांच्या आत उडणारं, सगळ्यात लांबच्या शहराचं तिकीट काढलं. पाच तास.

विमानतळावर दाराबाहेरच्या खुर्चीत छोटी बसली. तिला वाकता येईना, म्हणून ताईनंच खाली बसून सँडलचे पट्टे लावले.

"ताई, तिकडं माझं कोण आहे गं?"

"मागून कोण येतंय ते बघ आधी! चल, ऊठ."

विमान वेळेवर उडालं. ताई त्या खुर्चीसमोरच उभी राहिली. घड्याळात अडीच तास भरत आले होते, आणि तिला हसू येत होतं. जमलं की!

काड्!

खुर्ची मधोमध फुटली. जुन्या गादीसारखा कुबट वास आला. क्षणभर सगळं थांबलं. मग खुर्चीखालच्या फरशीला तडा गेला. पुढच्या फरशीला. त्याच्या पुढच्या. तडा सरळ आत गेला, लोकांच्या पायांमधून, पलीकडच्या काचेपर्यंत. काच खळ्ळकन खाली आली. काचेपलीकडं धावपट्टी होती, छोटीचं विमान उडालं तीच.

तेवढ्यात ताईच्या मोबाइलवर छोटीचा मेसेज आला, मघाशी विमानात बसल्यावर पाठवलेला.

"खिडकीची सीट मिळाली. काळजी करू नकोस. उतरले की फोन करते."