प्रदर्शन संपल्यानंतरचे अभिप्राय

धाकटी विद्यापीठाच्या कलादालनात गेली ती फक्त एका कागदासाठी. दुपारचे तीन वाजले होते. दालनाच्या पन्नास वर्षांचा ग्रंथ संध्याकाळी छापायला जाणार होता, आणि त्यात तिच्या ताईची बारा चित्रं सरांच्या नावावर लागली होती. सर म्हणजे विभागप्रमुख. ताई त्यांची विद्यार्थिनी. पंचवीस वर्षांपूर्वी, या चित्रांच्या प्रदर्शनाच्या आदल्याच आठवड्यात, ती तापाने गेली. मेलेल्याचं ढापायचं आणि वर त्याला परंपरा म्हणायचं, ही या लोकांची जुनी खोड. पण एक पुरावा मिळाला तर नाव बदलायला संपादक तयार होता.

चित्रं अजून वरच्या दालनातच टांगलेली होती. धाकटीने बाराही पाट्या वाचल्या, दात आवळले आणि ती तळघरात उतरली.

तिथले नोंदी सांभाळणारे काका जुन्या घरोब्यातले. ‘ये पोरी’ म्हणत त्यांनी त्या वर्षाची पेटी काढून दिली. डांबरगोळ्यांचा, वाळलेल्या खळीचा वास आला. यादीत सर. भिंतीच्या फोटोंतल्या पाट्यांवरही सर. तिने पेटी तळापर्यंत उपसली.

तळाशी अभिप्रायवही निघाली. पहिल्या दिवशी आलेल्यांनी ताईचं नाव घेऊन घेऊन कौतुक केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सरांचं. ज्याने यादी बदलली, त्याला वही आठवलीच नव्हती.

तिने आनंदाने पान उलटलं. प्रदर्शन संपल्याची तारीख उलटून गेली होती, तरी कोणीतरी लिहीतच होतं. अक्षर ताईचं.

‘काकांनी पाट्या बदलल्या. मी दारातच उभी होते.’

खाली, वर्षभरानंतरची तारीख. ‘आज बाबा आले. पाट्या वाचल्या. गप्प राहिले.’

त्याखाली, ‘आज आई आली. पाट्या वाचल्या. गप्प राहिली.’

त्या दालनाची पायरी चढायला पाय धजत नाही, असं आई मरेपर्यंत सांगत होती. धाकटीने ते खरं मानलं होतं.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. काका समोर येऊन बसले. तिचा चेहरा पाहून त्यांनी नाकारलं काहीच नाही. सरांनी सांगितलं, नोकरी नवी होती, गेलेल्या जिवाला नावाचं काय, असं पुटपुटले. मग हळूच म्हणाले,

‘तुझी लेक सरांच्याच हाताखाली आहे ना गं… शेवटच्या वर्षाला?’

त्यांनी हात पुढे केला. ‘दे ती वही. ठेवून देतो जागेवर.’

धाकटीने खाली पाहिलं. आजची तारीख. शाई ओली. ‘आज धाकटी आली. पाट्या वाचल्या.’ पुढे कोरं.

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि ती एक श्वास थांबली. फक्त एकच.

मग पुन्हा खाली पाहिलं.

‘गप्प राहिली.’

पण तिने अजून काही ठरवलंच नव्हतं…