बिनखताचा वाफा

शाळेच्या फाटकातून ती बाहेर पडत होती, तो आत येत होता, आणि दोघांचंही समोर लक्ष नव्हतं. व्हायचं तेच झालं. त्याच्या हातातली टोपली कलंडली आणि तिच्या कोऱ्या चपलांवर वळवळती गांडुळं पसरली.

दुसरी कुणी असती तर शाळा डोक्यावर घेतली असती. ही खाली बसून एकेक गांडूळ उचलू लागली.

"किळस नाही वाटत?"

"वाटते ना. पण एखादं पायाखाली आलं तर जास्त वाईट वाटेल."

तिथेच गडी गारद झाला. ती शाळेतली विज्ञानाची नवी बाई. तो पलीकडच्या रोपवाटिकेचा मालक, मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीचा तास घ्यायला बोलावलेला.

मुलांनी शाळेमागे मक्याचे दोन वाफे केले. एकाला गांडूळखत, दुसऱ्याला नुसतं पाणी. दुसऱ्या वाफ्याकडे बघून त्याचा चेहरा पडला.

"याने काय घोडं मारलंय?"

"अहो, याला दिलं नाही तरच खत काय करतं ते कळेल."

हेडसरांनी बजावलं होतं, दीड महिन्यात फरक दाखवा, नाहीतर ती जागा सायकलींना. म्हणजे शेतीचा तासही बंद. म्हणजे तोही यायचा बंद... हे शेवटचं तिने कुणाला सांगितलं नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी तिची वेणी तीनदा सुटायची आणि तीनदा घातली जायची. उगाच.

मापं मुलं घ्यायची. आपण मध्ये डोकावायचं नाही, वही शेवटीच उघडायची, हा तिचाच नियम. सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी मात्र वही उघडायची गरजच उरली नाही. दोन्ही वाफे जवळजवळ बरोबरीला आले होते.

"उद्या हेडसरांना काय दाखवू मी?"

तो शेजारीच उभा होता, कान लाल करून. "बाई... त्या वाफ्याला मी खत घालत होतो. गेले तीन बुधवार, शाळा सुटल्यावर. पानं पिवळी पडली होती हो. बघवेना."

"बघवेना?" तिचा आवाज चिरकला. "मुलांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंत तुम्ही."

ती तशीच निघून गेली. रागावली होती, आणि राग त्याचा जास्त की उद्यानंतर तो दिसणार नाही याचा, हेच तिला कळत नव्हतं.

शनिवारी तिने हेडसरांना सगळं खरं सांगून टाकलं. तोही मान खाली घालून शेजारी उभा राहिला. मग मापं घेणारी सहावीतली चुणचुणीत मुलगी वही घेऊन पुढे आली.

"सर, वहीत दिसतंय ते. पहिले तीन आठवडे हा वाफा चार चार बोटं वाढला. चौथ्यापासून एकदम वीत वीत. आम्ही विचारणारच होतो, चौथ्या आठवड्यात काय झालं म्हणून."

हेडसरांनी चष्मा नाकावर घेतला आणि पानं पुन्हा पुन्हा उलटली.

"म्हणजे खत काय करतं ते या एकाच वाफ्यात दिसलं. वर चोरही पकडलात." ते हसले. "सायकली राहू देत भिंतीला टेकून. आणि तुम्ही हो, पुढच्या वेळी वाफ्यापासून चार हात लांब."

मुलं वर्गात पळाली. ती दोघंच उरली. तिला हसू आवरेना, पण तिने ते दाखवलं नाही.

"एकदा खत घालून भागलं असतं. तीन बुधवार कशाला?"

"पहिला रोपांसाठी होता."

"आणि पुढचे दोन?"

तो पायाने माती उकरत राहिला. "बुधवारी तुम्ही प्रयोगशाळेत बाटल्या धुता... धुताना गुणगुणता. वाफ्यापर्यंत ऐकू येतं." मग मान वर करून म्हणाला, "मला तुम्ही फार आवडता, बाई."

"बाई मुलांसाठी," ती हळूच म्हणाली. तिचे कान आता त्याच्याहून लाल झाले होते. "मलाही आवडता तुम्ही. त्या टोपलीपासूनच."

त्याने उकरलेली माती पायानेच सारखी केली.

"बुधवारी आत या," ती वळता वळता म्हणाली. "बाटल्या पुसायला माणूस हवाय. खत मात्र बाहेर ठेवून यायचं."