न झोपणारा कॉम्प्युटर आणि शेजारचा माग

शिराझचा कॉम्प्युटर झोपायलाच तयार नव्हता. जेवणं उरकली की ती त्याला स्लीपवर टाकायची, पडदा काळा व्हायचा... आणि आईचा डोळा लागतो न लागतो तोच पंखा घरघरायचा, खोलीभर उजेड. ऑपरेशननंतर आईला दुपारची झोप औषधासारखी होती. बरं, पूर्ण बंद करावा, तर ते जुनं धूड पुन्हा सुरू व्हायला अर्धी दुपार खायचं. आणि घरांचे नकाशे काढून देणं ही तर शिराझची रोजीरोटी.

तिने सगळं करून पाहिलं. आपोआप सुरू होणारी कामं बंद केली, नेटची वायर उपटली. दृष्ट लागली असेल म्हणून आईने पडद्याच्या कोपऱ्याला कापडी मासा टांगला. ढिम्म फरक नाही. मग एका दुपारी ती नुसती त्याच्यासमोर बसून राहिली. भिंतीपलीकडे ठक... ठक सुरू झालं, त्याने आईची झोप मोडली नाही, पण टेबलावरचा माउस किंचित थरथरला, आणि पडदा उजळला.

ती तणतणत शेजारी गेली. दार उघडलं ते नव्याने राहायला आलेल्या वजदीने. बाहीवर रेशमाचे धागे, डोळ्यांत कामाची तंद्री... महदिया गावच्या नवऱ्यामुलींचं लग्नाचं कापड विणणारा माणूस म्हातारा असणार, असं तिने उगीचच धरलं होतं. भांडणाची अर्धी वाक्यं ती तिथेच विसरली.

"तुमच्या मागामुळे माझा कॉम्प्युटर जागा होतो," ती कशीबशी म्हणाली.

"आजवर माझ्या मागाने फक्त नवऱ्यामुलींच्या आयांची झोप उडवली होती," तो हसून म्हणाला. "दुपारी माग बंद ठेवतो. चालेल?"

चाललं. रोज दुपार कलली की, असरच्या नमाजानंतर, तो दारातून विचारायचा, आज झोपला का? आई त्याला आत घेऊन पुदिन्याचा चहा द्यायची, बशीत खजूर भरलेले गोड मक्रूद ठेवायची. तो शिराझचे नकाशे बघायचा आणि प्रत्येक घराबद्दल एकच विचारायचा — इथे माग ठेवला, तर उजेड कुठून येईल? गिऱ्हाइकांनी न मागितलेल्या खिडक्या मग ती काढू लागली. त्याची पावलं ओळखायलाही शिकली.

याच दिवसांत तिला खरा उपाय सापडला. सेटिंगमध्ये माउसला कॉम्प्युटर जागा करायची परवानगी असते, तिथली एक खूण काढायची, बस्स. तिचं बोट तिथवर गेलं आणि मागे आलं. आजचा दिवस राहू दे, असं ती रोज म्हणत राहिली.

आणि एके दिवशी गल्लीत आवाज चढला. एका नवरीची आई वजदीला फैलावर घेत होती. लग्न शनिवारी, कापड अर्धंच. उद्यापर्यंत झालं नाही, तर ती दुसऱ्या विणकराकडे जाणार होती आणि सगळ्या बायकांना सांगणार होती. वजदी मान खाली घालून ऐकत होता. दुपारचा चांगला उजेड कुठे गेला, हे त्याने सांगितलं नाही. शिराझ आपल्या दारातून सगळं ऐकत होती.

बाई गेल्यावर ती त्याच्या मागापाशी येऊन उभी राहिली.

"तुम्ही विणा. आता थांबू नका."

"आणि मावशींची झोप?"

"त्याला उपाय आहे. एक खूण काढली की झालं. मला... मला केव्हाच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?" त्याचं 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"सांगितलं असतं, तर तू विचारायला आला असतास?"

त्याने हातातला धोटा बाजूला ठेवला. आता हा चिडणार आणि ते रास्तच असणार, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

"तुझं टेबल भिंतीला टेकलंय," तो हळूच म्हणाला. "चार बोटं पुढे ओढलं असतं, तरी भागलं असतं. पहिल्यांदा चहाला आलो, तेव्हाच दिसलं होतं मला."

ती रडता रडता हसली. पण दोघांच्या या लबाडीत तिसरीच पोरगी कापडाविना बसली होती, हे दोघांनाही टोचत होतं. शिराझ खाली बसली आणि रेशमाच्या धाग्याने कांड्या भरू लागली. तो विणत राहिला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नवरीची आई कापड घेऊन गेली.

रिकाम्या मागावर हात ठेवून वजदी म्हणाला, "पुढचं कापड गिऱ्हाइकासाठी नाही विणायचं, असं मनात आहे. कुणासाठी, ते... विचारायचं राहिलंय."

शिराझने बोटांना चिकटलेलं रेशीम सावकाश सोडवलं.

"लाल नको," ती म्हणाली. "लाल मला शोभत नाही."