दरीकडचं चाक

जावईबापू, विश्वास कुणावर ठेवावा माणसानं? गोड बोलणाऱ्यावर नाही, हे तर तुम्हीही सांगाल. मग कडू बोलणाऱ्यावर? तोही कधी कधी आतून नुसता कडूच निघतो. बसा. दिवे इतक्यात येत नाहीत. तो कंदील इकडे सरकवा, आणि शटर अर्धं ओढून घ्या, वारा आत येतोय.

मी शाळा अर्ध्यावर सोडली, पुढचं सगळं या काउंटरनं शिकवलं. एक गिऱ्हाईक होतं. सारखं यायचं, पंप आपटायचं आणि म्हणायचं, "पाणी ओढत नाही." मी जोडून दाखवला की पंप धो धो. शेवटी वैतागून त्याच्या घरी गेलो, तर विहीरच कोरडी! तेव्हा कानाला खडा लावला. वस्तूत दोष सापडत नसेल तर वस्तू खोलत बसू नये, तिच्याभोवतीची माणसं बघावीत.

मागच्या आवारात ती पिकअप उभी आहे ना, तिच्याबाबतीत मात्र हे मला फार उशिरा आठवलं.

गाडी फोर बाय फोर, जुन्या बनावटीची. वरच्या वस्तीतल्या आपल्या भाड्याच्या गोदामात माल न्यायला घेतलेली. तेव्हा दुकानात मला भागीदार होता. मी त्याला दादा म्हणायचो. दोघांनी एका हातगाडीवर नळाच्या तोट्या विकून सुरुवात केली होती. एकाला ताप आला की दुसरा दोघांच्या घरचं बघायचा. सख्खा भाऊ काय करेल असा माणूस. आणि गाडीवर ड्रायव्हर होते काका. कुणाचे काका ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळे काकाच म्हणायचे. वयानं मोठे, तंबाखूचा शौक, बोलणं तिरकस. मी एखादा गिअर चुकीचा टाकला की म्हणायचे, "शेठ, पंपच विका तुम्ही."

चढ सुरू होतो तिथे एक झरा आहे. रेडिएटरमध्ये पाणी भरायला तिथे थांबावंच लागायचं. काका उतरायचे, आधी दरीकडच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे, मग वळसा घालून डोंगराकडच्या चाकाशी. काहीतरी खुडबुड करायचे आणि परत येऊन बसायचे. मला वाटायचं, म्हातारा चाकांच्या पाया पडतोय. मी कधी विचारलं नाही. माझं काम एवढंच, की ते खाली असेपर्यंत ब्रेकवर पाय दाबून धरायचा. हँडब्रेक त्या चढावर धरत नसे.

मग एकदा मी खरेदीला बाहेरगावी गेलो आणि परत आलो, तर काका नाहीत.

"गेला तुझा काका," दादा म्हणाला. "गाडी झऱ्यापाशी सोडून कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून गेला. मीच जाऊन गाडी आणली."

"न सांगता?"

"जाणारा माणूस सांगून जातो का कधी?"

मला फार लागलं ते. इतकी वर्षं घरच्यासारखा वागवलेला माणूस! काकांची बायको, आमच्या काकू, दुकानात यायच्या आणि इथेच या स्टुलावर बसायच्या. दादा स्वतः उठून त्यांना चहा द्यायचा. "येतील हो काकू. राग उतरला की येतील." काकू चहा संपवायच्या, कप धुऊन ठेवायच्या आणि जायच्या. दादाचा तो जिव्हाळा बघून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

पुढे तो वरचा कच्चा रस्ता पक्का झाला. खडीवर डांबर पडलं. मीच गाडी नेऊ लागलो, आणि स्टिअरिंगचं दुखणं सुरू झालं.

दुखणं असं, की झऱ्याच्या पुढच्या वळणावर स्टिअरिंगचं चाक एकाएकी जड व्हायचं. दगडात रोवल्यासारखं. जोर लावावा तर झटका देऊन सुटायचं आणि गाडीचं तोंड दरीकडे. एकदा तर कठड्याचा दगड घासून गेलो. पण नेहमी नाही हं. चार खेपा सुरळीत, पाचवीला पुन्हा तेच.

गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानं सगळं तपासलं. पॉवर स्टिअरिंगचा पट्टा, तेल, बॉल जॉइंट, टाय रॉड, स्टिअरिंगच्या खांबातला सांधा. एक बदलायचा, मला फिरवून आणायला लावायचा, मग दुसऱ्याला हात. दोन्ही एकदम बदलायचा नाही. म्हणायचा, "दोन औषधं एकदम दिली तर गुण कशाचा ते कसं कळणार?" पण त्याच्या दारात गाडी सुतासारखी सरळ. डॉक्टर दिसला की पोटदुखी पळते, तसं.

शेवटी तो खाली बसला, हात पुसले आणि म्हणाला, "शेठ, कधी होतं ते पुष्कळ सांगितलंत. कधी होत नाही, ते सांगा."

मी विचार केला. "डांबर पडल्यापासून गाडी दर खेपेला तापत नाही. झऱ्यावर थांबलो नाही, तर होत नाही."

"मग थांबू नका."

"आणि रेडिएटर काय तुझा सासरा भरणार?"

तो हसला. मग त्यानं ब्रशनं दोन्ही पुढच्या चाकांवर, प्रत्येकाच्या मधोमध असलेल्या गोल कळीवरून बाहेरपर्यंत, एकेक पांढरी रेघ ओढली. म्हणाला, "चला, मी येतो."

सकाळचीच वेळ होती, पण धुकं असं, की बॉनेटच्या पुढचं दिसेना. झऱ्यापाशी थांबलो. मिस्त्री डबा घेऊन पाण्याकडे गेला. मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो. इंजिन बंद. पाण्याची धार तेवढी ऐकू येत होती... आणि मग तीही लांब गेल्यासारखी वाटली.

वास आला आधी. ओल्या मातीचा, ग्रीसचा, आणि त्यात तंबाखूचा.

मग दरीकडच्या बाजूनं गाडी किंचित खाली दबली. खाली बसताना आधाराला मडगार्डवर हात ठेवावा कुणी, तेवढीच. आणि आवाज आला.

टक्.

मग पावलं. बॉनेटला वळसा घालून, सावकाश, खडीवरून करकरत. जावईबापू, तिथे खडी राहिलीच नव्हती.

डोंगराकडच्या चाकापाशी पावलं थांबली. टक्.

"मिस्त्री..." मी हाक मारली.

तो धुक्यातून डबा घेऊन आला, वाकून चाक बघितलं, दुसरं बघितलं. दोन्ही रेघा तुटल्या होत्या. कळीवरची अर्धी रेघ फिरून भलतीकडे गेली होती.

"शेठ, तुम्ही उतरला होतात?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यानं मला तेव्हा समजावलं, तेही कुजबुजत. या गोल कळीला हब म्हणतात. ती हातानं फिरवली की पुढची चाकं इंजिनाशी बांधली जातात. मोकळी केली की नुसती फिरतात. आत गिअरशेजारी छोटा दांडा असतो, तो आमच्या गाडीत फोर बाय फोरवरच गंजून अडकलेला. हब मोकळे असले तर त्यानं काही बिघडत नाही. पण हब बांधले, की चारही चाकं एकमेकांत अडकतात. खडीवर ते वरदान, चाक घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर ताण सुटत नाही. म्हणून स्टिअरिंग दगड होतं, म्हणून झटका. उतरताना झऱ्यावर पुन्हा थांबलो की हब मोकळे होत असणार, म्हणून मिस्त्रीच्या दारात गाडी सरळ.

"म्हणजे गाडीत दोष नाही?"

"गाडीत नाही. कुणीतरी रस्ता अजून कच्चा आहे असं धरून चाकं बांधतोय." त्यानं डांबरावर टाच आपटली. "त्याला कुणी सांगितलंच नाही, डांबर पडलं ते."

त्यानं हब मोकळे केले. परतीच्या वाटेवर गाव दिसायला लागलं तेव्हा कुठे तो पुन्हा बोलला. "शेठ, काका खाली बसलेले असताना ब्रेकवर पाय कुणाचा असायचा?"

"मी असलो तर माझा. एकटे असले तर चाकामागे दगड लावायचे."

"आणि शेवटच्या खेपेला?"

कोरडी विहीर मला तिथे दिसली. काका गेल्यापासून दादा एकदाही त्या रस्त्यानं वर आला नव्हता. कधी कंबर धरायची, कधी पाहुणे यायचे. आणि मी, जगाला माप देणारा, ते रोज बघत होतो.

दुसऱ्या आठवड्यात मी दादाला गाडीत घातलं. म्हटलं, गोदामाच्या मालकाला तूच हवायस, माझं ऐकत नाही. दुपार होती, आभाळ भरलेलं. वाटेत तो खूप बोलला, हातगाडीच्या दिवसांच्या आठवणी काढल्या, हसला. चढ दिसला तसा गप्प झाला.

"इथे नको थांबू," तो म्हणाला.

"गाडी तापलीय. हँडब्रेक धरत नाही, तू इकडे सरक आणि ब्रेकवर पाय ठेव. मी पाणी आणतो."

"तू बस... मी आणतो पाणी."

"दादा, सरक."

तो सरकला. त्याच्या कपाळावर घाम होता. मी डबा घेऊन झऱ्यापाशी गेलो आणि पाठमोरा उभा राहिलो. मनात एकच होतं, काही होऊ नये. माझा संशय खोटा ठरू दे, मी त्याचे पाय धरीन.

टक्.

दरीकडचं चाक. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिलो. डबा भरून वाहायला लागला. दुसरा आवाज आलाच नाही.

आणि मग बंद काचेआडून दादाचा आवाज आला. लहान मुलासारखा.

"पाय आहे, काका... ब्रेकवर पाय आहे माझा... बघा ना... ह्या वेळी आहे..."

मी जाऊन दार उघडलं. त्यानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला होता आणि तो पलीकडच्या खिडकीतून खाली, चाकाकडे बघत होता.

"काय झालं होतं, दादा?"

"फोन वाजला रे... नुसता उचलायला वाकलो. पाय सुटला. गाडी मागे सरकली, पुढचं तोंड फिरलं दरीकडे... आणि काका तिथे नव्हतेच."

"खाली उतरलास?"

त्यानं ब्रेक आणखी दाबला.

"दादा, उतरलास का खाली?"

"हाक येत होती," तो म्हणाला. "मला... मला उतरवेना. मी काच वर केली."

जावईबापू, पाय कुणाचाही सुटेल. ते मी त्याला त्याच दिवशी माफ केलं असतं. पण खाली माणूस हाक मारतोय, आणि हा काच वर करतो! मग घरी येतो, माझ्या ताटात जेवतो, मला सांगतो की काकानं दगा दिला. त्याच हातानं काकूंना चहा देतो. हातगाडी ओढताना ज्या खांद्याला खांदा लावला, तो खांदा त्या दिवशी परका झाला. आजही कुणी मला "दादा" म्हणालं की अंगावर काटा येतो.

निघण्यापूर्वी मी त्या चाकापाशी उकिडवा बसलो. तिथे कुणी नव्हतं, तंबाखूचा वास तेवढा होता. म्हटलं, "काका, रस्ता डांबरी झालाय आता. चाकं नका बांधू. आणि मी काकूंना सांगतो."

थोड्या वेळानं माझ्या गुडघ्याजवळ कळ आपोआप उलटी फिरली. टक्. मोकळी.

पुढचं तुम्हाला गावात कुणीही सांगेल. पोलीस दरीत उतरले, काका सापडले. दादाला नेलं. काकूंना मीच सांगितलं. त्या रडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ते मला सोडून गेले नव्हते." मिस्त्रीनं आतला दांडा सोडवून दिला. हब आहेत तसेच आहेत. त्यानंतर मी शेकडो वेळा झऱ्यावर थांबलो असेन, ते कधी फिरले नाहीत.

हे आज का सांगतोय? सांगतो.

काल तुम्ही पहिल्यांदा एकटे माल घेऊन वर गेलात. दिवसाढवळ्या परत आलात. मी विचारलं, वाटेत सगळं ठीक? म्हणालात, "हो मामा, कुठे थांबलो नाही, कुणी भेटलं नाही."

आज सकाळी मी आवारात सहज गाडीभोवती फिरलो. डोंगराकडचं चाक मोकळं होतं. दरीकडचं बांधलेलं, दादा ब्रेकवर बसला होता त्या दिवशीसारखं.

फक्त तेवढंच.

नाही, नाही, लगेच बोलू नका. कंदील मोठा करू का? नको? बरं. झऱ्यापाशी काल काय झालं, ते मी विचारत नाही. उद्यापासून या दुकानाच्या किल्ल्या तुमच्याकडे, माझी मुलगी तर आधीच तुमच्याकडे आहे. मागणं एकच. हिशेब चोख ठेवा. पाइपाच्या मापात चुकलात तर मी पोटात घालीन. पण कुठे थांबलात, कोण मागे राहिलं आणि कुणाची हाक ऐकू आली, तेही त्या हिशेबात धरा. यातलं काही गाळू नका.